घरपट्टी थकली म्हणून तुरुंग

ऑगस्ट २०१६ मध्ये वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्थकॉल या गावातील एका एकट्या आईला ८१ दिवसांच्या तुरुंगवासाचा हुकूम झाला आणि तिची रवानगी इंग्लंडमधील ईस्टवुड पार्क या स्त्रियांच्या तुरुंगात करण्यात आली. तिने चोरी केली नव्हती, कोणाला मारहाण केली नव्हती, तिच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा खटला नव्हता. तिच्याकडे कौन्सिल टॅक्सची, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीची, सुमारे ४,७०० पौंडांची थकबाकी होती. आठवड्याला १० पौंड भरण्याची अट न्यायालयाने घातली होती आणि ते हप्ते चुकले होते. ती ४० दिवस आत राहिली. पुढे जानेवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने हा तुरुंगवास बेकायदा ठरवला. तिची ऐपत मॅजिस्ट्रेटांनी पुरेशी तपासली नव्हती आणि हप्ते का चुकले याची नीट चौकशी केली नव्हती. शिवाय आठवड्याला १० पौंड या हिशेबाने हे देणे फिटायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला असता, आणि इतकी लांबलेली परतफेड वरिष्ठ न्यायालयांनी पूर्वीच अवाजवी ठरवलेली होती.

मी अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहते आणि आमच्या गावातील एका सल्ला केंद्रात अधूनमधून स्वयंसेवक म्हणून बसते. घरपट्टी न भरल्याबद्दल या देशात तुरुंगात टाकता येते, हे मी आपल्या मंडळींना सांगते तेव्हा बहुतेकांना ते खरे वाटत नाही. कर्जबाजारी माणसांना कोठडीत डांबण्याचे प्रकार राणी व्हिक्टोरियाच्या काळातच संपले, अशी सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात ही तरतूद १९९२ च्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे आणि तिची कमाल मर्यादा तीन महिने आहे. या विषयावर मराठीत कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि इथे नव्याने येणाऱ्या कुटुंबांना तर ही साखळी कशी चालते याची काहीच कल्पना नसते. म्हणून हे लिहीत आहे.

आधी ही साखळी समजून घेतली पाहिजे. कौन्सिल टॅक्स १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. त्याचे बिल वर्षाच्या सुरुवातीला येते आणि साधारणपणे एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत भरले जाते. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येते आणि पैसे भरण्यासाठी सात दिवस मिळतात. त्या मुदतीत ते भरले गेले नाहीत, तर आणखी आठवड्याभराने हप्त्यांची सवलतच संपते आणि उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम देय होते. जिला एका महिन्याचे १२०-१३० पौंड जमले नाहीत, तिच्याकडून आता हजार-बाराशे पौंड एकरकमी मागितले जातात. त्यानंतर मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयाचे समन्स येते आणि त्याचा खर्च थकबाकीतच मिळवला जातो. न्यायालय देणे मान्य करणारा आदेश काढते. असे आदेश एकेका बैठकीत शेकड्यांनी निघतात आणि ज्यांच्या नावाने ते निघतात त्यांतील बहुतेक जण तेथे हजरही नसतात. या आदेशाच्या जोरावर नगरपालिका पगारातून किंवा सरकारी भत्त्यातून परस्पर कपात करू शकते, किंवा बेलिफ पाठवू शकते. २०१४ च्या नियमांनी बेलिफाचे दर ठरवून दिले: प्रकरण हातात घेतल्याबरोबर ७५ पौंड, दारात आल्यावर २३५ पौंड, आणि सामान उचलून विकण्याची वेळ आली तर ११० पौंड. हे सारे पुन्हा थकबाकीदाराच्याच डोक्यावर.

तुरुंगाची पायरी याच्याही पुढची आहे. बेलिफाने जप्तीचा प्रयत्न केला आणि जप्त करण्याजोगे पुरेसे सामान सापडले नाही, असा अहवाल आल्यावरच नगरपालिकेला तुरुंगवासासाठी अर्ज करता येतो. त्यानंतर मॅजिस्ट्रेटने त्या व्यक्तीला समोर बसवून तिच्या ऐपतीची चौकशी करायची असते, आणि पैसे जाणूनबुजून नाकारले आहेत किंवा दोषास्पद हलगर्जीपणामुळे भरले गेलेले नाहीत, अशी खात्री पटली तरच तुरुंगाचा हुकूम काढायचा असतो. ज्याच्याकडे खरोखरच पैसे नाहीत त्याला आत टाकता येत नाही, असे कायदा सांगतो.

माझी हरकत नेमकी इथेच आहे. ज्याच्याकडे देण्याची ऐपत आहे पण द्यायची इच्छा नाही, त्याच्याकडे पगार असतो, गाडी असते, बँकेत काही शिल्लक असते, बहुधा स्वतःचे घर असते. यांपैकी कशावर तरी नगरपालिकेला हात टाकता येतो आणि तिची वसुली होते. जिच्या घरात बेलिफाला उचलण्यासारखे काही सापडले नाही, तीच या साखळीच्या शेवटच्या टोकाला पोचते. म्हणजे नकार देणाऱ्यासाठी म्हणून बांधलेल्या या पायरीवर नियमांच्या रचनेनेच रिकाम्या हातांच्या माणसाला आणून उभे केलेले आहे, आणि त्यानंतर एका मॅजिस्ट्रेटने पाच-दहा मिनिटांच्या चौकशीत ही अगतिकता आहे की हलगर्जीपणा, याचा निवाडा करायचा आहे. पोर्थकॉलच्या प्रकरणात जी चूक झाली तिला कोणा एका मॅजिस्ट्रेटचा दोष मानून बाजूला सारता येणार नाही. तिचे प्रकरण लढवणाऱ्या ‘सेंटर फॉर क्रिमिनल अपील्स’ या संस्थेने अशाच चुका इतर अनेक प्रकरणांतही झाल्याचे पुरावे गोळा करून २०१८ मध्ये उच्च न्यायालयासमोर मांडले. न्यायालयाने एकंदर व्यवस्था बेकायदा ठरवण्यास नकार दिला, पण चुका होतात हे त्या सुनावणीत लपून राहिले नाही.

हलगर्जीपणा हा शब्द कागदावर सोपा वाटतो. सल्ला केंद्रात तो माझ्यासमोर बहुतेक वेळा एका प्लास्टिकच्या पिशवीच्या रूपाने येतो. एक बाई येतात, खुर्चीवर बसतात आणि सुपरमार्केटची पिशवी टेबलावर ठेवतात. तिच्यात लिफाफे असतात, पांढरे आणि तपकिरी, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक उघडलेलेच नसतात. आम्ही ते तारखांप्रमाणे लावतो. स्मरणपत्र, अंतिम सूचना, समन्स, आदेशाची प्रत, बेलिफाचे पहिले पत्र, मग लाल अक्षरांतले दुसरे. उघडलेले आणि न उघडलेले लिफाफे तारखेने एका ओळीत ठेवले की पुष्कळदा एक ठळक रेघ दिसते, आणि त्या तारखेच्या सुमारास काय घडले होते असे विचारले की उत्तर मिळते: नवरा घर सोडून गेला, कामाचे तास निम्म्यावर आले, आईचे आजारपण निघाले, बाळंतपणानंतर कित्येक महिने उदासीनतेत गेले. पत्र न उघडणे हा त्या बाईंचा निष्काळजीपणा आहे असे लांबून कोणालाही वाटेल. समोर बसून पाहिले तर त्या रोज सकाळी मुलांना वेळेवर शाळेत पोचवत असतात, विजेच्या मीटरमध्ये पाच-पाच पौंड टाकत असतात, आणि ज्या गोष्टीवर आपल्याकडे काहीच उपाय नाही ती तेवढी नजरेआड करत असतात. मॅजिस्ट्रेटसमोर ही पिशवी पोचत नाही. तेथे पोचते ती नगरपालिकेची नोंद, आणि तिच्यात लिहिलेले असते की अमुक इतकी पत्रे पाठवली, एकाचेही उत्तर आले नाही.

यात स्त्रियांचे प्रमाण मोठे का असते, याची कारणे करांच्या रचनेतही आहेत. एका घरात राहणारे पतिपत्नी किंवा जोडीदार कौन्सिल टॅक्सला संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात, म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणा एकाकडून वसूल करता येते. नवरा निघून गेला आणि त्याचा पत्ता लागत नसेल, तर दोघांच्या काळातली थकबाकी जी मुलांना घेऊन त्याच घरात राहिली तिच्याकडून मागितली जाते. एकट्या प्रौढ व्यक्तीला २५ टक्के सूट मिळते, पण बिल निम्मे होत नाही, तीन चतुर्थांश राहते. त्यात एप्रिल २०१३ पासून केंद्र सरकारने कौन्सिल टॅक्सचा राष्ट्रीय भत्ता बंद केला आणि कमी निधी देऊन प्रत्येक नगरपालिकेला आपली योजना आखायला सांगितले. निवृत्तांना संरक्षण दिले गेले, त्यामुळे कपातीचा सगळा भार कामाच्या वयातील गरिबांवर पडला. ज्यांना आधी काहीच भरावे लागत नव्हते, अशा कितीतरी घरांना प्रथमच घरपट्टीचा काही भाग भरण्याची बिले आली.

आपल्या मराठी कुटुंबांपुरती आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या पत्नीच्या परवान्यावर सरकारी निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते, आणि कमी उत्पन्नामुळे मिळणारी कौन्सिल टॅक्समधील सवलत या सरकारी निधीत मोडते. एकट्या व्यक्तीची २५ टक्क्यांची सूट मात्र त्यात मोडत नाही, ती मागता येते. पुण्याहून किंवा नाशिकहून लग्न होऊन आलेली मुलगी संसार मोडून एकटी पडते तेव्हा तिला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. सवलत मागितली तर व्हिसा जाईल या भीतीने ती हक्काची सूटही मागत नाही, आणि बिलावर तिचे नाव मात्र असते.

कर हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता दंडाचा आहे, आणि त्यावर स्त्रिया संख्येने कितीतरी पुढे आहेत. घरात थेट प्रक्षेपण पाहण्यासाठी लागणारे टीव्ही लायसन्स नसेल तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. इंग्लंड व वेल्सच्या न्याय मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये या कारणासाठी दोषी ठरलेल्यांत ७४ टक्के स्त्रिया होत्या, आणि त्या वर्षी स्त्रियांना झालेल्या सर्व शिक्षांपैकी जवळपास ३० टक्के या एकाच बाबीच्या होत्या. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक टीव्ही पाहतात किंवा अधिक लबाड असतात, असा याचा अर्थ नाही. एका प्रौढ व्यक्तीच्या घरांत स्त्रियांची घरे अधिक आहेत, आणि तपासनीस दार वाजवतो तेव्हा दार उघडणारी बहुधा बाईच असते. जी दार उघडते, तपासनिसाशी नीट बोलते आणि हो, टीव्ही आहे म्हणून सांगते, तिच्या नावाने खटला भरला जातो. २०१५ पासून असे खटले एकच मॅजिस्ट्रेट, बंद खोलीत, केवळ कागद पाहून निकाली काढू शकतो.

लायसन्स नसल्याबद्दल थेट तुरुंग नाही, दंड न भरल्याबद्दल आहे. त्याचेही कोष्टक ठरलेले आहे: २०० पौंडांपर्यंतच्या थकीत दंडाला कमाल सात दिवस, ५०० पर्यंत चौदा, १,००० पर्यंत अठ्ठावीस. आज प्रत्यक्ष तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या थोडी आहे, पण ती नेहमीच थोडी नव्हती. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये दंड न भरल्याबद्दल वर्षाला वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात जात होते. वरिष्ठ न्यायालयांनी मॅजिस्ट्रेटांना इतर सर्व मार्ग आधी तपासण्याची सक्ती केली तेव्हा अवघ्या दोन-तीन वर्षांत ही संख्या कोसळली. तुरुंग नसला तर दंड वसूलच होणार नाही, असे जे सांगितले जात होते ते त्यामुळे निराधार ठरले.

या इतिहासाचे दुसरे टोक मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तेथे भारताची एक मुलगी उभी आहे. १९०९ मध्ये लंडनमध्ये ‘विमेन्स टॅक्स रेझिस्टन्स लीग’ स्थापन झाली. मत नाही तर करही नाही, ही तिची घोषणा होती. महाराजा रणजितसिंहांची नात आणि दुलीपसिंहांची मुलगी सोफिया दुलीपसिंह या संघटनेची सदस्य होती आणि हॅम्प्टन कोर्टच्या आवारातील घरात राहत होती. त्या काळी कुत्रा पाळणे, घोडागाडी ठेवणे, पुरुष नोकर ठेवणे, गाडीवर घराण्याचे चिन्ह लावणे या प्रत्येकासाठी परवाना लागे. सोफियाने परवाने घेतले नाहीत. १९११ मध्ये तिला पाच कुत्री, एक गाडी आणि एक नोकर यांबद्दल ३ पौंड दंड झाला. त्याच वर्षी तिची सात हिऱ्यांची अंगठी जप्त करून ॲशफर्ड येथे लिलावात काढली गेली, तेव्हा लीगमधल्याच एका मैत्रिणीने ती विकत घेऊन तिला परत दिली. डिसेंबर १९१३ मध्ये पुन्हा समन्स, १२ पौंड १० शिलिंग दंड, आणि या वेळी १३१ मोत्यांची माळ आणि मोती-हिरे जडवलेले सोन्याचे कंकण जप्त. ट्विकनहॅमच्या नगरभवनात त्यांचा लिलाव झाला आणि तोही ऐवज सहकारी स्त्रियांनी बोली लावून सोडवला.

सोफियाकडे जप्त करण्यासारखे हिरे-मोती होते, म्हणून तिच्यावर तुरुंगाची वेळ आली नाही. तिच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या, वुल्व्हरहॅम्प्टनच्या एमा स्प्रोसनने त्याच १९११ साली कुत्र्याचा परवाना घेण्यास आणि दंड भरण्यास नकार दिला, तेव्हा तिला स्टॅफर्डच्या तुरुंगात एकूण सहा आठवडे काढावे लागले. पुढे १९२१ मध्ये ती त्याच शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. चित्रकार आणि लेखिका क्लेमन्स हाउसमन साडेचार शिलिंगांच्या घरावरील करासाठी हॉलोवे तुरुंगात गेली आणि आठवड्याने, एक पैसाही न भरता, बाहेर आली. एलिझाबेथ विल्क्स या डॉक्टर स्त्रीने कर नाकारला तेव्हा तर कायद्याने बायकोच्या कराची जबाबदारी नवऱ्यावर टाकलेली असल्यामुळे तिच्या शिक्षक नवऱ्यालाच १९१२ मध्ये तुरुंगात जावे लागले. बायकोचे उत्पन्न किती आहे हे जाणण्याचा अधिकारही त्याला नव्हता.

याच ओळीत मी पॉप्लरच्या नगरसेविकांना धरते. पूर्व लंडनमधला पॉप्लर हा गोदीकामगारांचा, बेकारीने गांजलेला भाग होता, आणि लंडनच्या मध्यवर्ती संस्थांसाठी घरपट्टीतून द्यायचा वाटा या भागाला फार जड जात असे, कारण घरांची मूल्ये कमी असल्यामुळे तेवढेच पैसे उभे करायला श्रीमंत वस्तीच्या मानाने घरपट्टीचा दर कितीतरी पट वाढवावा लागे. १९२१ मध्ये पॉप्लरच्या नगरपरिषदेने हा वाटा गोळा करण्यास नकार दिला आणि ३० नगरसेवक तुरुंगात गेले. त्यांत पाच स्त्रिया होत्या. त्यांतील नेली क्रेसल गर्भवती होती. मिनी लॅन्सबरी सहा आठवड्यांनी बाहेर आली आणि काही महिन्यांतच, जानेवारी १९२२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारली. गरीब वस्तीवर श्रीमंत वस्तीपेक्षा जड घरपट्टी लादायची नाही, एवढ्याचसाठी या बायका आत गेल्या होत्या, आणि सरकारला त्याच वर्षी कायदा बदलून लंडनच्या गरीब भागांचा भार वाटून घ्यावा लागला.

अगदी अलीकडे, सप्टेंबर २००५ मध्ये, एक्सेटरच्या सिल्व्हिया हार्डी या ७३ वर्षांच्या निवृत्त समाजसेविकेने पेन्शनपेक्षा वेगाने वाढणाऱ्या कौन्सिल टॅक्सचा निषेध म्हणून ५३ पौंड ७१ पेन्स भरण्यास नकार दिला. तिला सात दिवसांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे पहिल्या पानावर छापली आणि दोनच दिवसांत कोणा अनोळखी माणसाने परस्पर पैसे भरल्यामुळे, तिची इच्छा नसताना, तिला सोडून देण्यात आले. हार्डीबाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सोफियाची अंगठी मैत्रिणींनी सोडवली, हार्डीबाईंचे पैसे अनोळखी माणसाने भरले, आणि पोर्थकॉलची आई ४० दिवस आत राहिली, हे एकापुढे एक ठेवून पाहिले की जाणूनबुजून नकार देणाऱ्या व्यक्तीला हा कायदा फारसे धरून ठेवू शकत नाही, हे उघड दिसते. नकार देणाऱ्याच्या पाठीशी माणसे असतात, भूमिका असते, वकील असतो. जिला जमलेच नाही ती एकटीच न्यायालयात येते.

वकिलाचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये पोल टॅक्स आला, श्रीमंत-गरीब सर्वांना माणशी सारखाच कर, आणि तो न भरल्याबद्दल शेकडो लोकांना तुरुंगात पाठवले गेले. त्या सुनावण्यांत गरिबांना सरकारी खर्चाने वकील मिळत नसे. पूल या शहरातल्या एका तरुणाने, आपल्याला वकिलाविना आत टाकले गेले म्हणून, युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, आणि १९९६ च्या बेनहॅम खटल्यात ब्रिटन हरले. स्वातंत्र्य हिरावले जाणार असेल तेथे वकील हवाच, असा तो निकाल. त्यानंतर या सुनावण्यांसाठी मोफत कायदेशीर मदत सुरू झाली, पण ती मागावी लागते, आणि मागता येते हे ठाऊक असावे लागते.

तुरुंगातले दिवस थोडे असतात म्हणून त्यांची झळ थोडी असते असे नाही. आई तुरुंगात गेल्यावर जेमतेम पाच टक्के मुले आपल्या स्वतःच्या घरात राहू शकतात, असा इथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिला जाणारा आकडा आहे. बाकीची आजीकडे, मावशीकडे, शेजाऱ्यांकडे किंवा सरकारी देखभालीत जातात. वडील आत गेले तर बहुतेक वेळा आई घर सांभाळते. उलट घडत नाही. वेल्समध्ये तर स्त्रियांचा एकही तुरुंग नाही, त्यामुळे तेथील स्त्रियांना इंग्लंडमध्येच नेतात आणि मुलांना भेटायला येणे खर्चाचे आणि दूरचे होते. चौदा दिवसांत साफसफाईचे किंवा वृद्धांच्या देखभालीचे तासावारी काम हातचे जाते. इंग्लंडमधील स्टायल या स्त्रियांच्या तुरुंगात वर्षभरात सहा स्त्रियांचे मृत्यू झाल्यानंतर जीन कॉर्स्टन यांनी २००७ मध्ये जो अहवाल दिला, त्यात गंभीर आणि हिंसक गुन्हे वगळता स्त्रियांना तुरुंगात पाठवूच नये असे म्हटले होते. घरपट्टीची थकबाकी तर गुन्हाही नाही. आणि नगरपालिकेच्या हाती यातून काय पडते? तुरुंगाचा हुकूम निघाल्यावर त्या रकमेसाठी वसुलीची दुसरी कोणतीही कारवाई नगरपालिकेला करता येत नाही. म्हणजे पैसे मिळत नाहीत, आणि तुरुंगाचा खर्च करदात्यांवर पडतो तो वेगळाच.

भारतातील कायद्याचा या बाबतीत मला अभिमान वाटतो, निदान एका कलमापुरता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५६ सांगते की पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी कोणत्याही स्त्रीला अटक करता येणार नाही किंवा दिवाणी तुरुंगात ठेवता येणार नाही. आयकराच्या वसुलीच्या नियमांतही स्त्रियांना अशीच सूट आहे. हे कलम इंग्रजी अमदानीतच लिहिले गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात त्याहून पुढे जाऊन, केवळ गरिबीमुळे कर्ज फेडू न शकलेल्या कोणालाही तुरुंगात टाकणे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असा निकाल दिला. फौजदारी दंडाचे मात्र तसे नाही. दंड भरला नाही तर जास्तीची कैद, हे आपल्याकडेही शिक्षेच्या निकालातच लिहिलेले असते आणि मुदत संपूनही केवळ दंडापायी आत राहिलेले कैदी आपल्याकडेही आहेत. २०२३ पासून केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी जी योजना आणली आहे तिच्यात अशा दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत देता येते.

वेल्सच्या सरकारने १ एप्रिल २०१९ पासून कौन्सिल टॅक्ससाठी तुरुंगाची तरतूद रद्द केली. स्कॉटलंडमध्ये ती नव्हतीच. इंग्लंडने तेव्हा ती ठेवली. नगरपालिका तिचा वापर क्वचित करतात हे खरे आहे, पण पत्रांत तुरुंगाचा उल्लेख करून धाक दाखवला जातो, आणि त्या एका शब्दाने घाबरून भाड्याचे पैसे घरपट्टीत भरून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. ही तरतूद इंग्लंडमध्येही पूर्णपणे काढून टाकली पाहिजे, आणि टीव्ही लायसन्सचा विषय फौजदारी न्यायालयांतून बाहेर नेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत, हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या किंवा कोणाच्या ओळखीतल्या बाईंच्या घरी अशी पत्रे साचली असतील, तर ती सगळी, न उघडलेलीसुद्धा, घेऊन जवळच्या मोफत सल्ला केंद्रात जावे. समन्स आले असेल तर न्यायालयात स्वतः हजर राहावे, कारण तुरुंगाच्या अर्जाच्या सुनावणीला न गेल्यास अटकेचे वॉरंट निघू शकते. तुरुंगाच्या अर्जाची सुनावणी असेल तर तेथल्या ड्यूटी सॉलिसिटरची, म्हणजे न्यायालयात मोफत मदतीसाठी असलेल्या वकिलाची, मदत आधी मागावी, मग बोलावे. ऐपतीच्या चौकशीच्या वेळी भाडे, वीज, प्रवास, मुलांचा खर्च यांचा लेखी हिशेब सोबत ठेवावा. झेपणार नाही असा हप्ता घाबरून कबूल करू नये, आठवड्याला पाच पौंडच जमत असतील तर पाचच सांगावेत. थकबाकीचा काही भाग किंवा सगळीच थकबाकी माफ करण्याचा अधिकार त्या सुनावणीत मॅजिस्ट्रेटला असतो, आणि त्याआधी अपवादात्मक अडचणीत बिल कमी करण्याचा अधिकार १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ए नुसार नगरपालिकेलाही असतो. त्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो. व्हिसावर सरकारी निधीची अट असेल, तर हा अर्ज करण्यापूर्वी व्हिसाच्या कायद्याच्या जाणकाराला विचारून घ्यावे.